पितळी बिजागरी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. अंगणातल्या झाडाला बांधलेली, पुढे एक गोल भोक असलेली. दयाळ पक्ष्याने माझ्यात घरटे करावे, यासाठीच माझा जन्म झाला. त्याला सहा वर्षे झाली आणि माझ्या पोटातून अजून एकही पिल्लू उडालेले नाही. सांगा, वैताग येणार नाही का?

मला बनवले सुतारकाकांनी. जन्मभर त्यांनी लोकांची कपाटे केली. हात असा बसलेला, की माझ्यात पाण्याचा थेंब शिरत नाही. पण त्यांची हौस मला नडली. झाकण उघडून आत बघता यावे म्हणून त्यांनी छपराला पितळी बिजागरी लावली! येणारेजाणारे तिचेच कौतुक करतात. मला ती डोळ्यांसमोर नको झाली आहे.

पहिल्याच वर्षी दयाळीण आली. तीन दिवस काड्या, मुळ्या, काकूंचे विंचरून टाकलेले केस आणत होती. नवरा शेंड्यावर बसून गात होता. कामाला हात लावील तर शपथ! चौथ्या दिवशी काका शिडी घेऊन आले. कुईं! झाकण उघडले. दयाळीण गेली ती त्या वर्षी फिरकलीच नाही.

पुढे एका वर्षी ती परत आली आणि चार अंडीही झाली, हिरवट, तपकिरी ठिपक्यांची. काका रोज सकाळी झाकण उचलायचे. अखेर तिने येणे सोडले. ती गार अंडी मी आठवडाभर पोटात बाळगली. फार वाईट वाटले हो.

यंदा तिने न्हाणीघरामागच्या फुटक्या झारीत संसार थाटला. झारीकडे कोणी ढुंकून बघत नाही ना! चारही पिल्ले उडाली.

तेव्हा मात्र काकू भडकल्या. "अहो, त्या झाकणाला खिळे ठोका एकदाचे!"

"मग आत बघायचं कसं?"

"बघायचंच नाही! आपलं छप्पर उचलून रोज कुणी डोकावलं, तर राहाल का तुम्ही?"

काका खिळे शोधायला उठले.

आज सकाळी दयाळीण दुसऱ्या खेपेच्या अंड्यांसाठी जागा शोधत माझ्याकडे आली. दोन काड्या ठेवून गेली. मागोमाग काका आले. हातात हातोडी, ओठांत दोन खिळे. सुटले एकदाची, असे मला वाटले.

शिडी चढून काका पुटपुटले, "ठोकायच्या आधी एकदाच बघून घेतो."

कुईं!

समोरच्या फांदीवर दयाळीण तिसरी काडी चोचीत धरून थांबली आहे. मित्रांनो, कोणाला घर द्यायचे तर खुशाल द्या, पण मग तिकडे पाठ फिरवा. आणि आमच्या काकांना कोणीतरी सांगा हो, आधी खिळे ठोका!