सरबत लिहिणारा बोरू

मित्रांनो, मी लाहोरचा एक जुना बोरू आहे. आज फडताळात धूळ खात पडलो आहे, पण एके काळी अख्खे वर्तमानपत्र मी लिहीत असे. हो, हाताने! आमचा उर्दू अंक आधी पिवळ्या कागदावर लिहिला जाई आणि मग छापला जाई. अंक लिहिणारे बशारत उस्ताद मला तासत, तिरका काप देत आणि दौतीत बुडवत. त्यांचे अक्षर पाहायला लोक मुद्दाम येत. तेव्हा मी उगाचच ताठ होत असे.

मग लष्कराचे राज्य आले. रोज संध्याकाळी आमची पाने सरकारी अधिकाऱ्याकडे जात आणि बातम्या कापून परत येत. कापलेली जागा आम्ही कोरीच ठेवायचो. वाचकांना काय ते कळायचे. म्हणून नवा हुकूम आला, कोरी जागासुद्धा दिसता कामा नये.

उर्दू अक्षरे लांबवता येतात. उस्ताद ती अशी ताणत, की चार ओळींचा मजकूर सहा ओळी व्यापे. भोक बुजे, पान देखणे दिसे.

"वा उस्ताद, जादू आहे तुमच्या हातात!" अधिकारी म्हणाला. उस्ताद खाली मान घालून पुढची ओळ लिहू लागले. मी मात्र सुखावलो. आज सांगायला लाज वाटते.

गिरणीतल्या गोळीबाराची बातमी आणली म्हणून आमचा तरुण बातमीदार तौकीर याला पकडून नेले. त्याच्या अटकेची बातमी मीच लिहिली. ती कापली गेली. तिथे फालशाच्या सरबताची कृतीही मीच ताणून बसवली.

दुसऱ्या दिवशी त्याची आई, जैतून अम्मा, अंक घेऊन आली. तिला वाचता येत नव्हते.

"उस्ताद, ठाण्यात म्हणतात, असा कुणी इथं आणलाच नाही. छापलेलं दाखवलं की गप्प बसतील मेले. कुठं आहे माझ्या लेकाचं? बोट ठेवून दाखवा."

उस्तादांचा धीर झाला नाही. त्यांनी तिचे बोट सरबतावर ठेवले. "इथं, अम्मा."

"किती सुंदर लिहिलंय हो!" तिने त्या अक्षरांवर ओठ टेकले आणि ती लगबगीने ठाण्यात गेली.

तासाभराने ती परत आली.

"ठाणेदारानं मोठ्यानं वाचलं. सगळे हसले. उस्ताद, छापलं नाही म्हणाला असतात, तर मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

अंक टेबलावर ठेवून ती निघून गेली. तौकीर कधीच परतला नाही. उस्तादांनी मला पुन्हा हातात धरले नाही.

मित्रांनो, तुमची लेखणी जपा. खरे लिहू दिले नाही, तर जागा कोरी सोडा. माझ्यासारखी सजवू नका. माझ्या टोकावर त्या सरबताची शाई अजून वाळलेली आहे.