काकू निवृत्त झाल्या, मी राहिलो

मित्रांनो, मी हाडामांसाचा कोणी नाही. मी रुग्णालयातल्या भांडारकाकूंचा जुना आयडी, म्हणजे संगणक ज्या नावानं त्यांना ओळखून आत घेई ते नाव. तरुणपणी माझा काय तोरा होता! काकूंनी मला टाइप केलं की भांडाराचा संगणक उघडे, औषधखोलीचा उघडे आणि स्वयंपाकघराचाही. काकूंच्या परवानगीशिवाय साधी उशी हलत नसे.

मग काकू निवृत्त झाल्या. भाषणं झाली, डोळे पुसून झाले आणि संगणकवाल्या दादानं मला भांडाराच्या संगणकावर बंद केलं. बाकी दोन्हीकडे मी ठणठणीत. प्रत्येक खोलीचा संगणक वेगळा, कोणाला आत घ्यायचं तेही तिथलं तिथेच ठरायचं. दादा म्हणे, "तिकडचं माझ्याकडे येत नाही."

पासवर्ड तर अख्ख्या मजल्याला तोंडपाठ. कोणाचं काही अडलं की, "काकूंच्या नावानं टाक ना." फुकटात राबवलं मला मेल्यांनी.

एकदा स्वयंपाकघरातल्या कोणीतरी दहा किलोऐवजी हजार किलो मीठ मागवलं. पोती जिन्यापर्यंत लागली. रुग्णालयाच्या साहेबांनी पाहिलं, मागणी कोणाची? काकूंची. लगेच घरी फोन गेला.

काकू नातवाला कडेवर घेऊन तडक आल्या. "साहेब, इतकी वर्षं इकडचा चमचा तिकडे होऊ दिला नाही. आता या वयात माझं नाव खराब करता?" मला फार वाईट वाटलं हो.

"पण आयडी तुमचाच दिसतोय," साहेब पुटपुटले.

"मी बंद केला होता की," दादा म्हणाला.

"एकाच खोलीत ना? मग मी काय एकाच खोलीतून निवृत्त झाले होते?"

साहेबांनी काकूंची माफी मागितली आणि फर्मावलं, यापुढे सगळ्या संगणकांना एकच यादी. तिथून नाव खोडलं की सगळीकडून गेलं. काकू तिथेच ठाण मांडून बसल्या. "माझ्यासमोर कर," म्हणाल्या.

मित्रांनो, माणसाला निरोप द्याल तेव्हा आम्हालाही प्रत्येक खोलीतून निरोप द्या. असं अर्धवट जिवंत ठेवू नका.

दादाचं काम झाल्यावर काकूंनी तिन्ही खोल्यांत जाऊन मला स्वतः टाइप केलं. सगळीकडे एकच उत्तर आलं, 'या नावाचं येथे कोणी नाही.' काकूंनी सुटकेचा निःश्वास सोडला.

"आता झाले मी निवृत्त," त्या म्हणाल्या.