दोन नद्यांची उष्टी जाळी

मी एक जाळी बोलतेय. मासे धरणारी नव्हे. माझ्या भोकांतून पाणी तेवढं जातं आणि पाणपिसवा मागे राहतात. पाणपिसू म्हणजे तिळाहून लहान, आरपार दिसणारा, उड्या मारत पोहणारा जीव.

मला एका संशोधक बाईंनी घेतलं. निरनिराळ्या नद्यांतल्या पाणपिसवांची जनुकं त्या ताडून बघायच्या. दिसायला सगळ्या बहिणी-बहिणी, पण आतून कोण किती परकी, ते जनुकंच सांगतात. डोंगरापलीकडची छोटी नदी बोगद्यातून मोठ्या नदीत वळवायचं घाटत होतं. तिथल्या पाणपिसवा वेगळ्या निघाल्या तर काम थांबणार होतं.

एका नदीतून निघालं की नावाडी मामा मला तीन बादल्या स्वच्छ पाण्यात खळबळून काढायचे. मला वाटायचं, माझे लाडच चाललेत. पण एके दिवशी मोठ्या नदीवरच उशीर झाला.

"मामा, राहू द्या. पुढच्या नदीत बुडवायचीच आहे, तिथं आपोआप धुतली जाईल."

"बाई, उष्टा हात कुणी पिण्याच्या माठात धुतं का?"

"चला हो, ऊन आहे तोवर पोचायचंय."

मामांनी भरलेली बादली उपडी केली. मी ओलीचिंब तशीच गाडीत पडले. माझ्या शिवणींत मोठ्या नदीच्या शेकडो पाणपिसवा जिवंत होत्या आणि छोट्या नदीतून माझ्यात गोळा झालेला नमुना बाटलीत भरला, तेव्हा त्याही त्यात उतरल्या. बाईंनी त्यातल्या तीस उचलून तपासल्या, नेमक्या सगळ्या मोठ्या नदीच्याच. अहवाल गेला : दोन्हीकडे एकच कूळ. बोगदा झाला.

दोन वर्षांनी बाईंनी त्याच बाटलीतल्या उरलेल्या सहज तपासल्या. सात जणी अगदीच वेगळ्या निघाल्या, दुसऱ्या कुठल्याच नदीशी न जुळणाऱ्या. छोट्या नदीच्या खऱ्या त्याच. बाई वही घेऊन मामांकडे धावल्या.

"मामा, त्या दिवशी जाळी धुतली होती ना?"

"तुम्हीच नको म्हणालात, बाई."

दोघं मला घेऊन छोट्या नदीवर गेले. नदी कसली, नुसते गोटे. एका डबक्यात बाईंनी मला बुडवलं. चिखल आला. त्यांनी बाटली उन्हात धरली, कितीतरी वेळ धरली. आत काही हललं नाही.

"ठेवा खाली आता," मामा म्हणाले.

आता मी कपाटात असते. बाई मला वापरत नाहीत आणि टाकतही नाहीत. त्यांनी चूक अजून कुणाला कळवलेली नाही. मला माझी शरम वाटते, पण त्यांचा राग जास्त येतो. कारण त्याच अहवालाचा दाखला देऊन तिसरी नदी वळवायचं चाललंय, आणि तिच्यात मला अजून कुणी बुडवलेलंही नाही.

बाई, माझ्या बोलण्याला कोण विचारतं? सही तुमची चालते. वहीत तारीख आहे, मामा साक्षीला आहेत. नाव जाईल तुमचं, जाऊ द्या. तिकडे अजून पाणी आहे.