हेटीच्या हनुवटीकडे बघून

टक्, असा आवाज झाला आणि व्हर्लीननं मान वर केली. ओट्यावर उकडलेल्या शेंगांच्या सात बरण्या हवाबंद व्हायला निवत ठेवल्या होत्या. त्यातल्या एकीचं झाकण आत बसलं होतं. पहाटेपासून घरात नीट निघालेला तेवढाच आवाज. नऊ वाजले होते, अकराला चर्चमध्ये गायला उभं राहायचं होतं, आणि तिच्या गळ्यातून अजून एक ओळ धड निघाली नव्हती.

"एक बसली," टेबलाखालून नीव्हा म्हणाली. पाच वर्षांची पोर सकाळपासून झाकणांच्या आवाजाकडे कान लावून होती. "मम्मी, एखादी बसलीच नाही तर?"

"तर ती आजच खाऊन टाकायची. न बसलेली टिकत नाही."

हेटी कॉडिलच्या मातीला जायचं होतं. केंटकीच्या या डोंगरांत ज्या घरी रेडिओ, त्या घरी हेटी माहीत. तिचं 'पुलापलीकडचा दिवा' हे गाणं लागलं की पाळी सुटलेली खाणवाली माणसं कोळशानं माखलेल्या तोंडानं दुकानाबाहेर थबकायची. एकोणिसाव्या वर्षी व्हर्लीन गावोगाव गात फिरणाऱ्या हेटीच्या गाडीत चढली ती नऊ वर्षं उतरलीच नाही. हेटी मूळ चाल गायची आणि व्हर्लीन तिच्यावर दुसरा, वरचा सूर धरायची. माइक एकच, दोघींची तोंडं अगदी जवळ. वरचा सूर धरणारीनं शब्दांच्या मागे धावायचं नसतं, मूळ गाणारीच्या हनुवटीकडे बघायचं असतं. हनुवटी खाली आली की तोंड उघडायचं, थांबली की श्वास गिळायचा. हेटीची ती हनुवटी, डावीकडच्या तिळासकट, व्हर्लीनला स्वतःच्या तळहातापेक्षा जास्त पाठ होती. घरी नीव्हाला थोपटताना दिव्याचं गाणं म्हटलं तरी तिच्या तोंडून तो वरचाच सूर निघायचा.

"अगं, तुझी स्वतःची रेकॉर्ड कधी?" लोक विचारायचे. ती हसून सोडून द्यायची. हेटीच्या शेजारी उभं राहायला मिळतंय, याहून मोठं काही असतं असं तिला कधी वाटलंच नाही.

मग हेटीच्या घशात गाठ निघाली. तीन आठवड्यांपूर्वी तिनं व्हर्लीनला खाटेशी बोलावलं. आवाज म्हणजे नुसती फुंकर उरली होती.

"पोरी, माझ्या मातीला माझं गाणं तू म्हणायचंस. मूळ चाल. एकटीनं."

"मिस हेटी, असलं काही बोलू नका."

"ऐक आधी. रेडिओवाला प्रुइट येईल. शनिवारची माझी वेळ कुणाला द्यायची ते तो तिथंच ठरवणार." ती बराच वेळ दम खात राहिली. "नॅशव्हिलहून तो रेकॉर्ड काढणारा, निळ्या गाडीवाला आला होता, आठवतं? तीन वर्षं झाली."

"तुमच्यासाठी आला होता तो."

"तुझ्यासाठी. मी सांगितलं, तिला वरचाच सूर येतो, एकटी टिकायची नाही. तुझ्या गळ्याला मीच नख लावलं, पोरी. तू गेली असतीस तर माझ्या गाण्यात उरलं काय असतं?"

व्हर्लीननं चमच्यानं पाणी पाजलं. थोडं हनुवटीवरून ओघळलं, ते रुमालानं टिपलं. टिकले असते मी, एवढं तरी म्हणायला हवं होतं. उद्या म्हणू, परवा म्हणू, असं करता करता हेटी गेली.

आता मोरीशी उभं राहून तिनं चाल धरली. पहिले तीन शब्द जागेवर आले. चौथ्याला आवाज आपोआप वर सरकला. तिनं नळ सोडला आणि पुन्हा धरली. पुन्हा तेच.

चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. पुढं शवपेटी उघडी ठेवली होती. हेटीला पावडर लावली होती, त्यात तो तीळ बुजून गेला होता. पाळकानं मान हलवून खूण केली आणि व्हर्लीन पेटीशी जाऊन उभी राहिली. नऊ वर्षांच्या सवयीनं तिची नजर हनुवटीवर गेली. हनुवटी खाली येण्याची ती वाट पाहू लागली.

मागं कुणीतरी खोकलं. तेव्हा कुठे तिनं तोंड उघडलं.

वरचा सूर निघाला. दुसऱ्याच शब्दाला तिला कळलं. खाली यायला तिनं जीव तोडला, पण प्रत्येक ओळीच्या शेवटी गळा जुन्या वाटेनं वर जायचा. खाली हेटी नव्हती, त्यामुळे तो सूर नुसता लोंबकळत राहिला. तिन्ही कडवी तिनं तशीच म्हटली. कुणाचे डोळे भरले नाहीत. प्रुइट मांडीवरच्या टोपीत बघत होता. तिसऱ्या बाकावर एकट्या नीव्हाचे ओठ शब्दाबरोबर हलत होते.

दारात प्रुइटनं तिचा हात हातात घेतला. "हेटीचा तुमच्यावर फार जीव होता," म्हणाला, आणि शनिवारचं काही न बोलता गाडीकडे गेला.

वरच्या खोऱ्यातली म्हातारी झेल्फी काठी टेकत आली. तिला शब्द धड ऐकू येत नसत, गाणं ती चालीवरूनच ओळखायची. "बरं म्हटलंस हो. पण तिचं ते दिव्याचं नाही म्हटलंस? आम्ही त्याच्यासाठी डोंगर उतरून आलो होतो."

"नाही जमलं, झेल्फीआजी."

"असू दे. तिच्यासारखं तिलाच यायचं."

घरी आल्यावर व्हर्लीननं एकेक झाकण बोटानं दाबून पाहिलं. सहा बसली होती. सातवं दाबलं की आत जायचं, बोट काढलं की वर यायचं. तिनं ती बरणी पातेल्यात उपडी केली, चरबीचा तुकडा टाकला आणि अंगातला काळा झगा न बदलताच ढवळत बसली.

नीव्हा तिच्या गुडघ्याला येऊन टेकली. "मम्मी, झेल्फीआजी म्हणाली, तू दिव्याचं म्हटलंच नाहीस."

"हं."

"पण तू तेच म्हटलंस. मला सगळं येत होतं."

व्हर्लीन ढवळत राहिली. शेंगा केव्हाच गरम झाल्या होत्या.

"ते नव्हतं, तर मग मला झोपवताना म्हणतेस ते कुणाचं गाणं आहे?"