मोज्यातली सुरी

फार्कर मॅकॅस्किलच्या उजव्या मोज्यात सुरी आहे हे स्कॉटलंडमधल्या आर्डनेश गावात प्रत्येकाला ठाऊक होतं, कारण फार्करने ते कुणाला विसरू दिलं नव्हतं. साठाव्या वाढदिवसाला बायकोने, एफीने, ती दिली होती. काळी कुळकुळीत कार्बनची मूठ, टोकाला जांभळा खडा. सुरी फुकट दिली तर नातं तुटतं, म्हणून एफीने रीतसर त्याच्याकडून एक पेनी वाजवून घेतली होती.

किल्ट, म्हणजे तिथल्या पुरुषांचा चौकड्यांचा घागरा आणि मोज्यात सुरी, असा पोशाख घालायचा प्रसंग आला की हा पठ्ठ्या असा पाय पुढे टाकून बसायचा, की दारातून येणाऱ्याला आधी मूठ दिसावी, मग फार्कर. "नव्या जमान्याची आहे," तो सांगायचा. "गंज नाही, धार लावायला नको." आणि मेव्हण्याच्या मोज्याकडे बघायचा. एफीचा भाऊ टॉर्किल पणजोबांची सांबरशिंगी सुरी मिरवायचा, आणि गावजेवणात हॅगिस नावाचा खास पदार्थ सुरीने फोडायचा मान बावीस वर्षं त्याच्याकडे होता. फार्करच्या पोटात तेव्हापासून दुखत होतं.

यंदा जानेवारीत टॉर्किल मनगटाला पट्टी बांधून आला. मान फार्करकडे आला, आणि आठ दिवस त्याचे पाय जमिनीला लागले नाहीत.

जेवणाच्या दिवशी दुपारी त्याला वाटलं, पातं जरा पुसून घ्यावं. मोज्यातली सुरी कुणी उगाच उपसत नाही, मूठ दिसली की काम झालं. त्यामुळे वर्षभरात पातं बघायची वेळच आली नव्हती. त्याने ओढलं. हलेना. तेल सोडलं. शेवटी म्यान गुडघ्यांत धरून पक्कड लावली, तेवढ्यात एफी आली.

"ओढू नकोस. ती एकच वस्तू आहे."

"म्हणजे?"

"मूठ नि म्यान एकत्र ओतलंय. आत पातं नाही. विमानात चालते, शाळेत चालते. दुकानदार म्हणाला, मुलांसाठी उत्तम."

"मी साठी ओलांडलीय, एफी!"

"आणि लोणी लावायच्या सुरीने तीनदा टाके घालून घेतलेस."

"वर्षभर मला बढाया मारू दिल्यास? पेनी घेतलीस माझ्याकडून!"

"परत हवी का? खूश होतास रे तू. बोटंही दहाच्या दहा आहेत."

फार्कर मोज्यात भाजीची सुरी खोचून जातो म्हणाला, तर एफीने सगळ्या सुऱ्या कुलपात टाकल्या. टॉर्किलकडे मागायची? त्यापेक्षा त्याने समुद्रात उडी घेतली असती. आज साऱ्या गावापुढे नाक कापलं जाणार होतं, आणि तेही पात्याशिवाय.

संध्याकाळी सभागृह गच्च भरलं होतं. बॅगपाइपवाला पुढे, त्याच्यामागे हॅगिसचं ताट घेऊन स्वयंपाकीण पेगी-अ‍ॅन. मेंढीच्या पोटात ठासलेला तो वाफाळता खिमा टेबलावर आला. समोर पहिल्या रांगेत टॉर्किल, पांढराशुभ्र शर्ट. फार्करने ठरलेली कविता म्हणायला सुरुवात केली आणि घाबरून दोन कडवी परत म्हटली. लोकांनी तिसऱ्यांदा ऐकून घेतलं नसतं. त्याने म्यानासकट सुरी काढून मुठीत लपवली. कपाळावरचा घाम हॅगिसवर टपकला.

"अरे, रडतोस काय?" ताट सरळ करत पेगी-अ‍ॅन पुटपुटली. "त्या हिरव्या पाल्यावर नुसतं टेकव. खाली चीर पाडून ठेवलीय मी."

"आज?"

"बावीस वर्षं."

फार्करने टॉर्किलकडे पाहिलं. टॉर्किल छताकडे बघत होता.

बिचाऱ्याला असा आनंद झाला, की टेकवायचं सोडून त्याने सगळी ताकद लावून दणका हाणला. हॅगिस फुटलं आणि त्यातलं निम्मं टॉर्किलच्या शर्टावर गेलं. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. इतक्या जोरात हॅगिस कुणी फोडलंच नव्हतं.

जेवताना टॉर्किल हळूच शेजारी येऊन बसला. पट्टी बांधलेल्या हाताने त्याने व्हिस्कीचा पेला सहज उचलला.

"मनगट कसंय?" फार्करने विचारलं.

"मनगटाला काय धाड भरलीय? सुरीचं पातं पणजोबांनीच मोडलेलं. यंदा मूठही उकलली." त्याने कॉलरमधला खिमा बोटाने काढून खाल्ला. "ती तुझी... गंजत नाही म्हणालास?"

"अजिबात नाही."

"कुठे मिळते रे?"

बावीस वर्षं त्याने या क्षणाची वाट पाहिली होती. नुसता आवाज चढवला असता तर पार दारापर्यंत ऐकू गेलं असतं. फार्करने तोंड उघडलं, मेव्हण्याच्या शर्टाकडे पाहिलं, आणि त्याच्या कानाशी वाकला.

"एफीला सांगतो," तो म्हणाला. "एक पेनी तयार ठेव."