वग्दीची दृष्ट

शौकीची टॅक्सी मधूनच बंद पडायची आणि थोड्या वेळानं आपोआप चालू व्हायची. गाडी त्यानं माझ्या गॅरेजात आणली, पण खापर फोडलं शेजारच्या वग्दीवर.

"उस्ताद, त्याच्या चहाच्या दुकानासमोर डावीकडे वळलो की गाडी मरते. दृष्ट लावतो मेला!"

आमच्या अलेक्झांड्रियात बॅटरी उतरली तरी लोकांना आधी शेजारी आठवतो.

मी त्याला बाजूला बसवलं आणि गाडी कब्रस्तानाच्या कोपऱ्यावर झटकन डावीकडे वळवली. बंद!

"आता बोल. इथं कोण जळतंय तुझ्यावर? मुडदे?"

मी स्टिअरिंगखाली हात घातला, तर वायरला बांधलेला जडशीळ पितळी पंजा हाती लागला. दृष्ट लागू नये म्हणून यानंच तो लपवून टांगला होता. वळणावर पंजा झोका घ्यायचा, वायरला हिसका बसायचा आणि जोड सुटायचा; पंजा थांबला की पुन्हा जुळायचा.

"हे बघ तुझं भूत, गाढवा!" मी पंजा त्याच्या नाकासमोर नाचवला.

शौकीनं पंज्याचा मुका घेतला आणि गंभीरपणे म्हणाला, "तरीच! वग्दीपुढं एकटा कमी पडत होता बिचारा. उस्ताद, आता दोन बांध."