उल्पियानोचं कुलूप

कुलूपवाल्याशिवाय कुणाचं घर रिकामं करता येत नाही, हे मुर्सियातल्या आमच्या गल्लीला मंदीने शिकवलं. कोर्टाची माणसं येतात, पोलीस येतात, पण कुलूप बदलणारा आला नाही तर सगळे हात हलवत परत जातात. विसितासियोनच्या घरावर जप्ती आली तेव्हा भागातल्या एकूण एक कुलूपवाल्याने येणार नाही असा शब्द दिला होता. तरी आम्ही बायाबापे पहिल्या मजल्यावरच्या तिच्या दारात ठाण मांडून बसलो. आमच्यासाठी सत्तरीच्या विसीने आत मसूर शिजत ठेवले होते.

आला तो उल्पियानो. आमच्याच इमारतीतला, तिसऱ्या मजल्यावरचा. शब्द त्यानेही दिला होता.

"अरे, तिचं हे कुलूप तूच बसवलंस ना?" मी विचारलं.

"बाजूला हो, फुएनसांता. माझेही हप्ते थकलेत."

"मग बँकेच्या दारात जाऊन बस की. इथे कशाला तोंड काळं करतोस?"

पोलिसांनी आम्हाला फरपटत खाली नेलं. उल्पियानोने मान खाली घालून ड्रिल लावलं, जुनं कुलूप फोडून नवं बसवलं. विसी बाहेर आली ती मसुराचं गरम भांडं छातीशी धरून.

त्या दिवसापासून गल्लीने त्याला वाळीत टाकलं. तो बारमध्ये आला की आम्ही खुर्च्या फिरवायचो. मला त्याची कधी दया आली नाही, आजही येत नाही.

वसंतात त्याच्या घरावर जप्ती आली. त्याने कुणाला सांगितलं नाही. कुठल्या तोंडाने सांगणार? पण आमच्या जिन्यात काही लपत नाही. सकाळी त्याने दार उघडलं तर पायऱ्यांवर आम्ही होतो, आणि त्याच्या उंबऱ्याशी, त्याच्याकडे पाठ करून, विसी. भाचीच्या घरून दोन बस बदलून आली होती.

"विसीमावशी, मी त्या दिवशी..."

"गप. तुझं ऐकायला नाही आले मी. आत जा आणि कडी लाव."

कोर्टाची माणसं दुपारपर्यंत ताटकळली. एकही कुलूपवाला फिरकला नाही, तेव्हा गेली. मग उल्पियानोची बायको कॉफी घेऊन बाहेर आली. कुणी कप उचलला नाही. आम्ही उठलो आणि जिना उतरू लागलो.

पहिल्या मजल्यावर विसी थांबली. तिच्या दाराला उल्पियानोने जप्तीच्या दिवशी बसवलेलं नवं कुलूप तसंच होतं. आत अजून कुणी राहायला आलं नव्हतं.